समीकरणात न धरलेले दात

गणितबाई संध्याकाळी घरी आल्या की चपला काढायच्या आत सासूबाईंचा प्रश्न यायचा, "उठली का गं वेळेवर?"

परक्या माणसाला वाटावं, घरात कुणी आजारी आहे, नाहीतर झोपाळू नात आहे. आजारी कुणी नव्हतं, आणि नात आपली आपण उठायची. सासूबाई चौकशी करायच्या ती कारखान्यातल्या तीन नंबरच्या रिॲक्टरची. चार वर्षं सून रात्रंदिवस त्याच्याबद्दल बोलत होती, तेव्हा म्हातारीलाही त्याचा लळा लागला होता. नात्यातल्या कुणाचं लग्न ठरलं हे त्या विसरतील, पण तीन नंबरची बॅच काल किती वाजता उठली हे विसरायच्या नाहीत.

हे 'उठणं' काय असतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको. त्या कारखान्यात पांढरी भुकटी बनायची. तुमच्या न्हाणीघरातला पाण्याचा पाइप, दारावरच्या घंटीच्या वायरचं साल, हे सगळं पुढे जाऊन त्याच भुकटीचं होतं. मूळ वस्तू व्हायनिल क्लोराइड नावाचा वायू. तो दाबाखाली पातळ करायचा, दोन मजले उंच पोलादी भांड्यात पाण्याबरोबर भरायचा आणि जोरात ढवळत ठेवायचा. त्याचे बारीक बारीक थेंब होतात. मग चिमूटभर औषध घालायचं आणि भांडं ऊन करायचं. त्या औषधानं थेंबातले कण एकमेकांचे हात धरायला लागतात, आणि साखळ्या वाढत जातात. सुरुवातीला सगळं कसं शहाण्यासारखं चालतं. पण थेंब आतून घट्ट झाले की साखळ्यांच्या टोकांना हलता येत नाही. दोन टोकं भेटली तरच साखळी थांबते, आणि इथे तर भेटच होत नाही. मग त्या नुसत्या वाढत सुटतात आणि भांडं बघता बघता तापतं. यालाच तिथली माणसं 'बॅच उठली' म्हणायची. दुधाचं जे असतं तेच हे. बघत बसलात तर ढिम्म, पाठ फिरवली की उतू.

तेव्हा भांड्याभोवती गार पाणी सोडावं लागतं. ते गार करणाऱ्या यंत्राला तयार व्हायला पाऊण तास लागायचा आणि बॅच कधी उठेल ते कुणाला सांगता यायचं नाही, म्हणून यंत्र दिवसभर घरघरत ठेवायचे. गणितबाईंचं म्हणणं, हे आधी सांगता येतं. किती औषध घातलं, किती ऊन केलं, साखळ्या कोणत्या वेगानं वाढतात आणि कोणत्या वेगानं थांबतात, याची समीकरणं मांडायची, कॉम्प्युटरला सोडवायला लावायची, आणि दुपारी एकलाच फळ्यावर लिहायचं, की आज बॅच चार वाजून दहा मिनिटांनी उठेल. चार वर्षं त्यांनी हेच केलं. यातली पहिली सव्वातीन वर्षं दृष्ट लागावी अशी गेली. बाई लिहायच्या चार-दहा, बॅच उठायची चार-बारा. ऑपरेटर घड्याळ लावून घ्यायला लागले.

आणि दृष्ट लागलीच. गेल्या उन्हाळ्यापासून गणित बिनसलं. बाई लिहायच्या चार-दहा आणि बॅच उठायची साडेचारला. रोज वीस-बावीस मिनिटं उशीर. बाईंनी औषधाचं पिंप तपासलं, थर्मामीटर बदलून घेतला, समीकरणातला एकेक आकडा पिळून पाहिला. आकडे बदलले की नवं जमायचं आणि जुनं बिघडायचं. सात महिने हे चाललं. वजन चार किलो उतरलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लेकराला बाळसं येईपर्यंत आईनं वाळावं हे ठीक, पण तुझं लेकरू लोखंडाचं आहे."

मोठे साहेब तसे वाईट नव्हते. त्यांना बाईंचं कौतुकही होतं. पण वरून विचारणा झाली होती, आणि कौतुकावर किती दिवस काढणार. त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं, "सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन बॅचेस. औषध पडायच्या आत वेळ फळ्यावर लिहायची. पाच मिनिटं इकडे-तिकडे झाली तर चालतील. तीनपैकी एक जरी बसली तर पुढचं वर्ष तुमचं. एकही नाही बसली तर हे सगळं गुंडाळायचं, आणि तुम्ही पोत्यांच्या तपासणीत."

"आणि बॅचमध्ये काही बदल केला तर?"

"अजिबात नाही. बॅच रोजची रोजच्यासारखीच व्हायला पाहिजे. नाहीतर काल एक आणि आज एक करून कुणीही ज्योतिषी होईल."

डोळे झाकून वीस मिनिटं वाढवून लिहिणं बाईंच्या मते गणित नव्हतं. सोमवारी बावीस मिनिटांनी चुकलं. मंगळवारी एकोणीस.

मंगळवारी संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं आणि बाईंनी नुसती मान हलवली. त्यांच्या नवऱ्यानं हातातलं काम खाली ठेवलं. तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा. मागच्या खोलीत त्याचं टेबल होतं, वर मेणाचे जबडे, भिंतीला फडताळ आणि फडताळात लोकांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे रांगेनं. त्या घरात जेवताना चाळीस जबडे तुमच्याकडे बघायचे आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. तो म्हणाला, "पोत्यांची तपासणी काय वाईट आहे? पाचला घरी येशील."

"मला पाचला घरी यायचं नाहीये," बाई म्हणाल्या आणि रडल्या. मग त्यानं पुन्हा मेणाचा जबडा हातात घेतला, कारण बायको गणितासाठी रडते तेव्हा काय बोलायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

बुधवारी बाई कंट्रोल रूममध्ये आल्या त्या चेहरा धुऊन, पण डोळे सांगत होतेच. तीन नंबरवर दिवसपाळीला कासवकाका असायचे. तीस वर्षं तेच. हाडापेरानं मोठा, आवाजानं लहान माणूस. कासव हे नाव चालण्यावरून पडलं नव्हतं, जेवण्यावरून पडलं होतं. तोंडात वर दोन आणि खाली तीन दात, तेही समोरासमोर नाहीत. एक घास घेतला की तो इकडून तिकडे फिरवत राहायचे. जेवायला पाऊण तास. बाकीचे हात धुऊन, गप्पा मारून, एक डुलकी काढून यायचे तेव्हा काकांचा अर्धा डबा झालेला असायचा. बाई नवीन होत्या तेव्हापासून काकांबरोबर जेवायच्या. तिथे बाईमाणसाला डबा उघडायला जागा नव्हती आणि काकांनी आपल्या टेबलावरचे कागद सरकवून जागा करून दिली होती. त्याची जाण ठेवून, काका एकदा हिरड्या धरून बसलेले दिसले तेव्हा बाईच त्यांना नवऱ्याकडे घेऊन गेल्या. नवऱ्यानं जीव ओतून कवळी केली.

पण हे सात महिने बाई कॉम्प्युटरसमोर बसूनच दोन घास कोंबत होत्या. काकांबरोबर जेवणं सुटलं होतं.

त्या बुधवारी काकांनी त्यांना हाताला धरूनच आणलं. "चला. उपाशीपोटी गणित सुटत नाही. आणि सुटायचं नसेल तर निदान पोट भरलेलं असू दे."

बाराला पाच कमी होते. नेहमीसारखंच चाललं होतं. भांडं धुऊन बंद झालं होतं. काकांनी पंप सुरू केला. भरण्याआधी भांड्यातली हवा खेचून काढायची, त्याला व्हॅक्यूम देणं म्हणतात. पंप लागला तसा काकांनी डबा उघडला. बाईंनी आपला उघडला. समोर घास होता, पण तो तोंडाकडे जाईना. त्या आपल्या फळ्याकडे बघत बसल्या. त्यावर अजून काही लिहिलेलं नव्हतं.

"खा," काका म्हणाले आणि एक कच्चं गाजर कडाकडा चावलं. "ऐकलात आवाज? तुमच्या यजमानांची कृपा. गाजर मी वीस वर्षांनी खातोय. घरची म्हणते, आता हळू खा, ताट तरी सोडा."

बाईंना हसू आलं. त्यांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला काकांनी डब्याला झाकण लावलं, रुमालानं तोंड पुसलं, उठले आणि पंपाचं बटण दाबून तो बंद केला.

बाईंचा घास हातात राहिला.

"काका, पंप का बंद केलात?"

"झाला की व्हॅक्यूम."

"झाला म्हणजे? किती वेळ देता?"

"डबा होईपर्यंत." काकांना हा प्रश्नच कळला नाही. "माझ्या उस्तादानं शिकवलंय. पंप लावायचा, डबा उघडायचा. डबा झाला, पंप बंद. तीस वर्षं असंच करतोय. तुम्ही समोर बसूनच जेवायचात की."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती. त्यांनी खुंटीवरची लॉगशीट ओढून घेतली. औषध किती, नोंद होती. पाणी किती, होती. तापमान दर दहा मिनिटांनी. व्हॅक्यूमच्या रकान्यात मात्र नुसती बरोबरची खूण. कालही खूण, परवाही खूण, वर्षापूर्वीही खूण. खुणेला काय, अकरा मिनिटं आणि पंचेचाळीस मिनिटं सारखीच.

"काका, कवळी कधी बसवलीत?"

"उन्हाळ्यात."

"तारीख?"

"आता तारीख कोण लक्षात ठेवतंय? लग्न होतं का ते?"

बाईंनी नवऱ्याला फोन लावला. तो कुणाच्या तरी दाढेत गुंतला होता. "कासवकाकांचा साचा काढ फडताळातून," बाई म्हणाल्या. "कवळी दिल्याची तारीख खाली कोरतोस ना तू? वाच."

"आत्ता? काय झालं, कवळी तुटली का?" त्याच्या आवाजात खरी काळजी होती.

"तुटली असती तर बरं झालं असतं. वाच."

फोनमधून फडताळ उघडल्याचा, चार जबडे सरकवल्याचा आवाज आला. मग त्यानं तारीख वाचली. बाईंना आपल्या वहीचं पान उलटायचीही गरज पडली नाही. ती तारीख त्यांच्या काळजावर लिहिलेली होती. त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून बॅच उशिरा उठायला लागली होती.

फोन ठेवला तेव्हा त्यांना हसावं की रडावं कळेना. सात महिने त्यांनी चोर साऱ्या जगात शोधला होता, आणि तो त्यांच्याच मागच्या खोलीत, त्यांच्याच नवऱ्यानं, त्यांच्याच सांगण्यावरून घडवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

काका मात्र पांढरे पडले होते. त्यांना एवढंच कळलं होतं, की बाईंचं सात महिने वाटोळं झालं त्यात आपला हात, म्हणजे आपलं तोंड आहे. "नेमकं काय झालं हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"पंप थोडाच वेळ चालला की भांड्यात हवा उरते, काका. हवेतला प्राणवायू साखळीचं टोक दिसलं की धरून बसतो. तो संपेपर्यंत साखळी वाढत नाही. तेवढा वेळ बॅच झोपून राहते." बाई हे बोलता बोलता कॉम्प्युटरकडे चालल्या होत्या. "तुम्ही पाऊण तास जेवत होतात तेव्हा हवा उरतच नव्हती. मी प्राणवायूचं समीकरण लिहिलं होतं पहिल्या वर्षी. तुमच्या बॅचेसशी ताडून बघितलं, तर त्याची काही गरजच दिसेना. म्हणून खोडलं."

काकांनी थोडा विचार केला. मग खुर्ची बाईंजवळ ओढून, आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "मग मी कवळी काढू का? पंप परत लावतो, आणि डब्यात गाजर उरलंय ते बसतो चघळत. पाऊण तास सहज जाईल. तुमचं जुनं गणित बसेल. कुणाला कळणार आहे?"

खरं सांगायचं तर बाई क्षणभर थांबल्या. पंप पुन्हा लावला तर वेळ नक्की बसली असती. चार वर्षं वाचली असती, आणि तीही किती सोप्या रीतीनं. पण साहेबांनी सांगितलं होतं, बॅच रोजची रोजच्यासारखी. शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि ती साहेबांच्या हुकमापेक्षा मोठी होती. जे गणित काकांना दात नसतील तरच बरोबर येतं, त्याला काय गणित म्हणायचं?

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवता तसे जेवा. तुमचे दात मीच गणितात घेते."

हे बोलायला बरं वाटलं, पण औषध ठरल्या वेळी पडायचं आणि करायला चाळीसच मिनिटं होती. खोडलेल्या ओळी जुन्या वहीत होत्या. वही कपाटात होती. कपाटाची किल्ली, कुठलीही किल्ली नेमक्या वेळी जिथे असते तिथे होती, म्हणजे नव्हती. काकांनी कुलूप पान्यानं उघडलं आणि ते कसं उघडलं हे कुणी विचारू नये म्हणून पाना पाठीमागे धरून उभे राहिले. बाईंनी ओळी पुन्हा घातल्या. पंप बंद करताना दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा कुठे होता ते काकांना विचारलं. काकांनी न बघता सांगितलं, तीस वर्षांची नजर होती. त्यावरून उरलेली हवा काढली, हवेवरून प्राणवायू. कॉम्प्युटर विचार करायला लागला. खाली भांडं भरून झालं. औषध घालणाऱ्याचा फोन आला, "काका, टाकू?"

"थांब जरा, दोन मिनिटं," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी औषध थांबवलं होतं.

पडद्यावर आकडा आला. बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, चार वाजून एकतीस मिनिटं. काकांनी फोनमध्ये सांगितलं, "टाक."

चार वाजता मोठे साहेब आले. त्यांनी फळा वाचला आणि भुवया वर केल्या. "काल चार-दहा होतं. आज एकतीस? कालच्या आकड्यात चुकीची वीस मिनिटं घालून लिहिलंत की काय?"

"नाही साहेब. हिशेब करून लिहिलंय. चार-एकतीस झाले की सांगते."

चार-दहा झाले. तापमानाची रेघ कागदावर सरळच चालली होती. चार-वीस झाले, तरी सरळ. साहेब खुर्चीवर बसले. काकांनी कवळी तोंडातल्या तोंडात सरकवली, तिचा टक असा आवाज झाला. बाई गाऱ्हाणं घातल्यासारख्या त्या रेघेकडे बघत होत्या. त्यांना एकदम आठवलं, की लेक जन्मायच्या वेळीसुद्धा आपण इतक्या घाबरलो नव्हतो. चार-पंचवीसला गार पाण्याचं यंत्र तयार झाल्याचा दिवा लागला. बाईंनी ते चार-एकतीसच्या हिशेबानं पाऊण तासाहून थोडं आधीच लावलं होतं.

चार-एकोणतीसला रेघेनं मान वर केली.

काकांनी बघितलं, बाईंनी बघितलं, साहेबांनी चष्मा काढून बघितलं. मग रेघ वर चढायला लागली आणि गार पाणी भांड्याभोवती धावलं. आडवी-तिडवी न होता बॅच जशी उठायला पाहिजे तशी उठली आणि शहाण्यासारखी बसली.

"दोन मिनिटं," साहेब म्हणाले. त्यांनी घड्याळ पुन्हा पाहिलं. "दोनच मिनिटं. सात महिने हे का नाही जमलं? आज काय बदललंत?"

बाईंनी वही मिटली. खरं सांगितलं तर म्हाताऱ्या माणसाच्या माथी खापर फुटणार. नियमांच्या कुठल्यातरी कागदावर लिहिलेलं असणारच, की व्हॅक्यूम अमुक इतका वेळ द्यावा. नसेल तरी आता कुणीतरी लिहिलं होतं म्हणेल. पण काकाच पुढे झाले आणि उभे राहिले.

"माझे दात, साहेब."

आणि सगळं सांगितलं. उस्तादापासून गाजरापर्यंत, काही न लपवता. कवळी काढतो म्हणालो होतो आणि बाई नको म्हणाल्या, हेही सांगितलं. साहेब ऐकताना खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा काकांना वाटलं, संपलो. साहेब वळले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते हसत होते.

"डबा होईपर्यंत," ते कसेबसे म्हणाले. "अहो, मलाही हेच शिकवलं होतं. मी नवीन होतो तेव्हा. मी डबा आणायचो नाही, म्हणून दोन बिस्किटं खाईपर्यंत देत होतो. बरं झालं तेव्हा कुणी गणित मांडत नव्हतं."

मग ते गंभीर झाले. उद्यापासून व्हॅक्यूम घड्याळावर आणि गेजवर द्यायचा, रकान्यात खूण नाही, मिनिटं लिहायची, हे त्यांनी तिथल्या तिथे लिहून सही केली. बाईंना म्हणाले, "पुढचं वर्ष तुमचं. दोन नंबर आणि चार नंबरही घ्या." दारापर्यंत गेले आणि परत आले. डाव्या गालाला हात लावून, खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या यजमानांची वेळ काय असते? मला एका बाजूनंच खावं लागतं."

काका खाली वाकून काहीतरी शोधायला लागले, ते हसणं लपवायला. आणि बाई, ज्या काल रडल्या होत्या, त्या आज परत रडल्या. कारखाना कधीच इतका चांगला दिसला नव्हता, ते घरघरणारं यंत्रसुद्धा.

त्या दिवशी बाई घरी पोचल्या तेव्हा सासूबाई दाराशीच उभ्या होत्या. नवऱ्यानं फोनवर ऐकलं होतं त्यावरून त्यानं घरभर घोळ घालून ठेवला होता, आणि आपल्या कवळीत दोष निघाला असं समजून तो दुपारपासून काकांचा साचा भिंगाखाली तपासत होता. लेक म्हणाली, "आई, बाबा जेवले नाहीत."

"उठली का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"उठली. मी सांगितलं तेव्हा उठली." बाईंनी चपला काढल्या. नवऱ्याच्या हातातला साचा घेतला आणि फडताळात वरच्या कप्प्यात, सगळ्या जबड्यांच्या पुढे ठेवला. "तुझ्या कवळीत काही दोष नाही रे. फार चांगली झाली, एवढंच."

सासूबाई पानं घ्यायला आत वळल्या. जेवताना बाईंनी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि सांगता सांगता त्यांचं जेवण तब्बल पाऊण तास चाललं.